नवशिक्यांच्या टेबलावरचा क्लिफर्ड

क्लिफर्ड ऑर्मरॉडने आयुष्यात दोनच गोष्टी मन लावून केल्या. रॉटनस्टॉल ते बर्नली बस चालवली आणि घरी बिअर केली. बसमधून तो निवृत्त झाला. बिअरमधून त्याला निवृत्त करायचा घाट पिअर्स लँगलीने घातला.

'शटल' पबच्या माडीवर घरगुती बिअर करणाऱ्यांचं मंडळ भरतं. पिअर्स त्याचा नवा अध्यक्ष. दक्षिणेकडून आलेला. दाढीसाठी वेगळा कंगवा बाळगणारा. पहिल्याच सभेत त्याने बिअरमध्ये सोवळं आणलं. जे माल्टचे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचे, दाणे भरडून, गरम पाण्यात मुरवून, गाळून बिअर करतात ते मोठ्या टेबलावर. जे डब्यातला तयार माल्टचा पाक पातेल्यात ओततात ते खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर. छोट्या टेबलावर पिवळं कार्ड उभं केलं. 'नवशिके.'

क्लिफर्ड तीस वर्षं पाकाचीच बिअर करत होता. काकवीसारखा घट्ट, काळपट पाक. तीन किलो पाक, मूठभर हॉप्सची कडू फुलं, यीस्ट आणि धीर. ती तपकिरी बिअर बोलिंग ग्रीनवरची, हिरवळीवर गोळे घरंगळवत खेळणारी मंडळी दर सामन्यानंतर पीत. त्यांच्यातला वॉल्टर तर सामना हरायचीसुद्धा वाट बघत नसे.

आता क्लिफर्डच्या शेजारी शॅनन बसली होती. दातांच्या दवाखान्यात नर्स. तिने पहिली बिअर ईस्टरला केली होती.

"तुम्हीही नवीनच का?" तिने आपुलकीने विचारलं.

"हो," क्लिफर्ड म्हणाला. "आत्ताच झालो."

घरी येऊन त्याने टोपी टेबलावर टाकली.

"ग्लेनिस, मला त्या टेबलावरून उठायचंय."

"मग ऊठ की," बायको म्हणाली. "गुडघा धरलाय का?"

वार्षिक स्पर्धा जवळ आली होती. पाकाची कृती दाण्यांत बसवायची, मोठ्या टेबलावर जायचं, कार्डाकडे पाठ करायची. एवढंच क्लिफर्डला हवं होतं. फक्त किती पाकाला किती दाणे, ते माहीत नव्हतं. तो पिअर्सकडे गेला.

पिअर्स पाण्यातल्या क्षारांवर बोलला. तापमानावर बोलला. बेल्जियममधल्या एका सुट्टीवर बोलला. कपातला चहा गार झाल्यावर क्लिफर्डने मध्येच विचारलं, "पण बाळा, हिशेब काय?"

"पाऊण," पिअर्स म्हणाला. "दाणे आणि पाक यांच्यात पाऊणचं नातं आहे."

कोणाचं पाऊण केलं की कोण होतं, हे त्याने सांगितलं नाही. विचारणं नवशिकेपणाचं दिसलं असतं. क्लिफर्डने विचारलं नाही. तीन किलोचं पाऊण, सव्वादोन किलो. त्याने तेवढे दाणे आणले.

स्वयंपाकघराला दिवसभर लापशीचा वास येत राहिला. कॅरॅव्हॅनच्या सहलीचा कूलबॉक्स दाणे मुरवायला गेला. जाळीचा पडदा गाळायला गेला.

"तो पडदा आईने दिलेला होता," ग्लेनिस म्हणाली.

"मग चांगला गाळतोय."

बिअर बाटल्यांत भरली गेली. स्पर्धेच्या सकाळी क्लिफर्डने एक बाटली उघडली. ग्लास खिडकीकडे धरला. ग्लासातून शेजारच्या बागेतला धुणं वाळत घालायचा दांडा स्पष्ट दिसला.

ग्लेनिसने घोट घेतला. "भांडी विसळलीस का यात?"

"हिशेबाने केलीय."

"मी टोपलीभर टोमॅटो आटवते तेव्हा बरणीभर चटणी होते. पाकही आटवूनच करतात ना? मग किलोभर पाकाला दाणे किलोपेक्षा जास्त लागतील की कमी?"

क्लिफर्ड खुर्चीत बसला. पाऊणने गुणायचं होतं ते दाण्यांना. पाकाला भागायचं होतं. चार किलो लागले असते. त्याने सव्वादोन घातले होते.

"नको जाऊ," ग्लेनिस हळूच म्हणाली.

"नाव दिलंय. नाही गेलो तर कार्ड कायमचं माझं."

माडीवर पिअर्सने क्लिफर्डच्या बिअरचा ग्लास उचलला. हुंगला. डोळे मिटले. मोठं टेबल श्वास रोखून बसलं.

"संयम," पिअर्स म्हणाला.

"संयम," मोठं टेबल म्हणालं.

"दाणा इथे ओरडत नाही. कुजबुजतो. डब्यातल्या पाकाला हे जमत नाही."

एकाला तिच्यात ओल्या दगडाचा गंध सापडला. दुसऱ्याला धुकं सापडलं. बिअर कोणालाच सापडली नाही, पण ती कोणी शोधतही नव्हतं. चषक क्लिफर्डला मिळाला. मोठ्या टेबलावर त्याच्यासाठी खुर्ची सरकवण्यात आली. गादीची खुर्ची. तो बसला. छान वाटलं. खोटं कशाला बोला.

मग पिअर्स छोट्या टेबलाकडे वळला. "नवशिक्यांनीही ही कृती करून पाहावी. तुमच्यासाठी मी त्यांच्या अर्जावरच्या सव्वादोन किलो दाण्यांचा हिशेब पाकात बसवून ठेवलाय. पाऊणपट. एक किलो सातशे ग्रॅम."

या वेळी पिअर्सचा हिशेब बरोबर होता. क्लिफर्डचे तीन किलो दाण्यांतून फिरून घरी आले होते, जवळजवळ निम्मे होऊन. वाटेत कोणी घोटसुद्धा घेतला नव्हता.

शॅननने आकडा तळहातावर लिहायला घेतला. "बाबांच्या साठीला हीच करते," ती शेजारणीला म्हणाली. "चषकाची आहे."

क्लिफर्डने गादीवर हात फिरवला. मग तो उठला.

"थांब पोरी. लिहू नकोस. ती बिअर चुकलीय."

"तुम्ही फार विनम्र आहात," पिअर्स म्हणाला.

"विनम्र कसला? भागायचं तिथे गुणलं मी. ते निव्वळ पाणी आहे, बाळा."

धुकंवाल्याने ग्लास खाली ठेवला.

पिअर्सने दाढीवरून हात फिरवला. "चूक हीसुद्धा दाण्याची भाषा आहे," तो शेवटी म्हणाला. "निकाल अंतिम. बसा, क्लिफर्ड. तुमची जागा इथेच आहे."

क्लिफर्डने जागेकडे पाहिलं. तिच्या दोन्ही बाजूंना माणसं पाणी हुंगत होती. त्याने चषक काखोटीला मारला आणि शॅननशेजारच्या लाकडी खुर्चीत जाऊन बसला.

"तीन किलो पाक घे," तो म्हणाला. "आणि डबा आधी गरम पाण्यात ठेव, नाहीतर चमचा अडकतो."

पुढच्या सभेला त्याने जुनी तपकिरी बिअर आणली. पिवळं कार्ड स्वतःच बाटलीला टेकवून उभं केलं. चषक घरी राहिला. त्यात ग्लेनिस कपड्यांचे चिमटे ठेवते. पिअर्स पाण्यातल्या क्षारांवर बोलायला उठणार तोच जिन्यावर पावलं वाजली. बोलिंग ग्रीनवरची सगळी मंडळी धापा टाकत वर आली. पुढे वॉल्टर होता, रिकामा ग्लास घेऊन.

"नवशिक्यांचं टेबल कुठलं हो?" त्याने अध्यक्षांनाच विचारलं.