दिव्याचा कोनाडा

मस्तगडातल्या कापूसवाल्या शेठजींच्या जुन्या घराचं आता संग्रहालय झालंय. परवा बघायला गेले, तर मागच्या दाराबाहेरच्या कोनाड्यावर पाटी दिसली: ‘दिवा ठेवण्याची जागा’. माझं डोकंच फिरलं.

दिवा कसला? तिथं आमचा कप असायचा, कान तुटलेला, तळाशी चहाचा डाग धरलेला. पंचाहत्तर सालाच्या आसपास आई या घरी तूर निवडायला यायची आणि तिच्यासोबत मी. आम्ही बौद्ध. घरातल्या भांड्यांना आमचा हात लागू नये, म्हणून तो कप बाहेर. शेठाणीबाई उंचावरून चहा ओतायच्या. पिऊन झाला की आपणच विसळून पालथा ठेवायचा.

एकदा मंठ्याहून मावशी आली, नुकतीच मास्तरीण झालेली. तिलाही त्याच कपात चहा मिळाला. तिनं पिऊन तो तसाच उष्टा कोनाड्यात ठेवला.

“धुऊन ठेव ना तो,” शेठाणीबाई म्हणाल्या.

“ज्याचा कप त्यानं धुवावा,” मावशी म्हणाली.

आईचा चेहरा उतरला. “काम जाईल माझं! तू तर उद्या मंठ्याला निघून जाशील,” असं पुटपुटत तिनंच तो विसळला. तेव्हा मला राग आला होता तो मावशीचा.

“इथं आमचा कप ठेवायचे,” मी संग्रहालयाच्या गाइडला म्हटलं. “तसं लिहा पाटीवर.”

“मॅडम, जुनं बांधकाम आहे. हात लावू नका.”

मी कोपरापर्यंत हात आत घातला.