भाऊ कर्णिकांची घुबडं

डोंबिवली पूर्वेला योगिनी घाडीचा संगणक दुरुस्तीचा गाळा आहे. तिथे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आल्या आल्या एकच वाक्य बोलतं, "कालपर्यंत एकदम मस्त चालत होता हो." मग त्यावर चहा सांडलेला असो नाहीतर कुणी लाडाने त्याला जमिनीवर आपटलेलं असो. बारा वर्षं हे ऐकून योगिनीचे कान किटले होते. त्यामुळे भाऊ कर्णिकांनी लॅपटॉपची पिशवी काउंटरवर ठेवली आणि ते म्हणाले, "चूक माझीच असणार. कुठली, ते मात्र सापडत नाहीये," तेव्हा ती हातातला पेचकस टाकून उठलीच.

भाऊंचं वय चौऱ्याहत्तर. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात कॅनव्हासचे बूट. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काढली. तयार मालाची छटा बरोबर उतरली आहे की नाही, हे सांगायचं त्यांचं काम. त्यासाठी पुढे मशीन आली, पण मशीनने कौल दिला तरी साहेब विचारायचेच, "कर्णिक काय म्हणतायत?" आणि आता तोच माणूस काउंटरची कड चाचपत उभा होता. दोन वर्षांपासून त्यांच्या नजरेच्या मधोमध एक डाग आला होता. कडेकडेचं दिसायचं, समोरचं पुसलं जायचं. वर्षभरात वाचन पूर्ण बंद होईल, असं डॉक्टर सांगून मोकळे झाले होते.

"एक फाईल आहे, कुलूपबंद," भाऊ म्हणाले. "जुन्या कॉम्प्युटरवर सतरा वर्षं उघडत होती. तो जळला. त्याच्या आधी मुलाने सगळं या लॅपटॉपवर घेतलेलं होतं. यावर ती उघडत नाही."

"पासवर्ड विसरलात का काका?"

"नाही."

सगळे नाहीच म्हणतात. योगिनीने मान डोलावली.

"आत काय आहे?"

"ते नाही सांगता येणार," भाऊ म्हणाले. मग त्यांना ते फारच तुसडं वाटलं असावं. "मूळ वह्या होत्या, चौदा. सगळं यात उतरवलं आणि वह्या बादलीत भिजवून त्यांचा लगदा केला. आता जे आहे ते एवढंच. डोळे जायच्या आत ते उघडून कुणाच्या तरी हवाली करायचंय मला. नाहीतर माझ्याबरोबर संपलं."

योगिनीच्या मनात जमिनीचे कागद, भावकीची भांडणं, एखादं जुनं लफडं असं काय काय येऊन गेलं. पण वह्या बादलीत भिजवणारा माणूस तिने पहिल्यांदाच बघितला होता. तिने काम घेतलं.

अशी कुलूपबंद फाईल बाहेरून बघितली तर नुसता अक्षरांचा केर असतो. बरोबर किल्ली लावली की तिच्या पोटातला कप्पा उघडतो आणि आत नीट लावून ठेवलेली कागदपत्रं दिसतात. किल्ली चुकली तर ती एकच वाक्य बोलते, पासवर्ड चुकीचा आहे किंवा ही कुलूपबंद फाईलच नाही. म्हणजे चूक तुमची की तिची, तेही सांगायची तयारी नाही. सरकारी खिडकीवरचा माणूससुद्धा याहून जास्त बोलतो.

योगिनीने पहिल्यांदा फाईलची प्रत काढली आणि मूळ फाईल बाजूला ठेवली. भाऊंच्या मुलाने जुन्या कॉम्प्युटरवरून घेतलेली तेवढ्याच फाईलची एक प्रत पेनड्राइव्हवर होती, तिच्याशी आकार ताडून बघितला. शेवटच्या अंकापर्यंत जुळला. नव्या लॅपटॉपचा कीबोर्ड मराठीवर गेलेला होता, तो इंग्रजीवर आणला. भाऊंना पासवर्ड आधी साध्या कोऱ्या पानावर टाइप करायला लावला, आणि तो आपल्या नजरेला पडू नये म्हणून स्वतः पाठ फिरवून रस्त्याकडे बघत बसली. भाऊंनी नाक पडद्याला टेकवून, मान तिरकी करून एकेक अक्षर तपासलं. बरोबर होतं. फाईल उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, सापडलं! लॅपटॉपवर त्या सॉफ्टवेअरची अगदी नवी आवृत्ती होती, आणि नव्या आवृत्त्यांनी जुन्या पद्धतीची कुलपं घेणं बंद केलेलं होतं. तिने शोधाशोध करून जुनी आवृत्ती चढवली. भाऊंनी पासवर्ड टाकला, तिने पाठ फिरवली. पुन्हा तेच वाक्य.

त्या दिवशी भाऊ उठलेच नाहीत. लॅपटॉपचं झाकण मिटून म्हणाले, "घुबडं आहेत त्यात."

"काय?"

"घुबडांची घरटी. शहाड, टिटवाळा, कल्याणची खाडी, इथली एमआयडीसी. अठ्ठावीस वर्षांची."

मग त्यांनी सांगितलं. शहाडला नदीकाठी एक पिंपळ होता. त्याच्या ढोलीत गव्हाणी घुबडाची जोडी भाऊंना एका रविवारी दिसली. इतका आनंद झाला, की सोमवारी कॅन्टीनमध्ये एकाला कौतुकाने सांगून टाकलं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात जाऊन बघतात तर ढोली रिकामी आणि खाली पिसांचा सडा. दिवाळीच्या अवसेला घुबडाचा बळी दिला की धन मिळतं म्हणून पैसे मोजणारी माणसं असतात, हे त्यांना तेव्हा कळलं.

"मी मारलं नाही. पण पत्ता मी दिला," भाऊ म्हणाले. "त्यानंतर बायकोलासुद्धा एक जागा सांगितली नाही."

"मग लिहून तरी कशाला ठेवायचं?" योगिनीने विचारलं.

"अगं, झाडं पडतात, बिल्डिंगी उठतात. इथलं घरटं मोडलं तर ती जोडी कुठे जाते, किती वर्षांनी परत येते, पिल्लं जगतात का, हे कुणीतरी सलग बघायला नको? जागा माझ्या लक्षात आहेत. वर्षं आणि आकडे नाहीत."

अठ्ठावीस वर्षं दर रविवारी हा माणूस कॅनव्हासचे बूट घालून निघत होता, आणि घरातले समजत होते की काका व्यायामाला जातात. योगिनीला सरळसरळ त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडली नाही, कारण समोर एक बाई प्रिंटर घेऊन उभी होती.

तिसऱ्या दिवशी भाऊंना न्यायला त्यांची सून देवयानी आली होती. बँकेत नोकरी करणारी, नीटनेटकी बाई. भाऊंनी पुन्हा पासवर्ड टाकला. या खेपेला योगिनीने पाठ फिरवली खरी, पण कान उघडे ठेवले.

"काका, टाइप करायच्या आधी तुम्ही माउसने दोन-तीन क्लिक करता. ते काय आहे?"

भाऊ चपापले. मग चोरी पकडल्यासारखं हसले. "गणपती."

त्याचं असं होतं. भाऊंनी या कुलपाला दोन किल्ल्या केल्या होत्या. एक पासवर्ड, आणि दुसरी किल्ली म्हणजे एक फोटो, घरच्या गणपतीचा, सन दोन हजार सातचा. गणपतीचे फोटो कुणाच्या घरी नसतात? त्यात ही किल्ली आहे असा संशय ब्रह्मदेवालासुद्धा आला नसता. पासवर्ड आणि तोच फोटो, दोन्ही दिले तरच कप्पा उघडणार.

योगिनीने फोटोंचं फोल्डर उघडलं. फोटो होता, छान होता. जास्वंदीचा हार, मागे मखर. पण बाकी सगळ्या फोटोंवर जुन्या तारखा होत्या आणि गणपतीच्या तेवढ्या सगळ्या फोटोंवर गेल्या श्रावणातल्या एकाच दुपारची तारीख होती.

"या फोटोंना कुणी हात लावला होता?"

"मी," देवयानी म्हणाली. "मी सरळ केले. सगळे आडवे पडले होते हो. कॅमेरा उभा धरून काढलेले, मग पडद्यावर आडवे दिसायचे. देवाला असं आडवं पाडून ठेवतं का कुणी? एकेक करून बेचाळीस फोटो सरळ केले मी."

योगिनीने कपाळाला हात लावला. माणसाला फोटो आडवा काय नि उभा काय, गणपती तोच. पण कुलूप गणपती बघत नाही. फोटो ज्या आकड्यांचा बनलेला असतो, ते आकडे ते एकामागून एक वाचतं. फोटो फिरवून जतन केला की ते आकडे नव्याने लिहिले जातात. त्यातला एक जरी बदलला तरी त्याच्या लेखी तो परका गणपती.

"मग पुन्हा आडवा करा ना!" देवयानी रडवेली झाली होती.

"तो तिसराच होईल, वहिनी. आपल्याला पहिलाच पाहिजे. जसाच्या तसा."

जुना कॉम्प्युटर दिवाळीच्या साफसफाईत भंगारात गेलेला होता. कॅमेरा तर त्याच्याही आधी. देवयानीने पदराने डोळे पुसले. भाऊ तिला एक शब्द बोलले नाहीत, उलट तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "तुला कसं ठाऊक असणार? मी सांगितलं होतं का?" अठ्ठावीस वर्षांचं काम बुडत असताना माणूस एवढा शांत कसा राहू शकतो, हे योगिनीला कळेना.

मग भाऊंनाच आठवलं. त्या वर्षी दर्शनाला न आलेल्या नातेवाइकांना त्यांनी फोटोंच्या सीड्या करून दिल्या होत्या. तेव्हा तशी टूम होती. टिटवाळ्याला त्यांचे मावसभाऊ हरिहर राहतात, त्यांना नक्की दिली होती.

रविवारी गाळा बंद ठेवून योगिनी भाऊंना घेऊन टिटवाळ्याला गेली. हरिहरांच्या गॅलरीकडे नजर जाताच ती फाटकातच थांबली. कबुतरं येऊ नयेत म्हणून गॅलरीभर दोऱ्यांना सीड्या टांगलेल्या होत्या, पंधरा-वीस तरी. उन्हाने त्यांचा मुलामा पार उडाला होता. अशी सीडी कुणाचा बाप वाचू शकत नाही.

"आमच्या गणपतीची सीडी यात लावलीस का रे?" भाऊंनी विचारलं.

"वेडा की काय तू!" हरिहर भडकले. "सिनेमाच्या लावल्यात. देवाला कबुतरं हाकलायला टांगू होय मी?"

ते आत गेले आणि देवघराच्या खालच्या खणातून, वातींच्या पुड्याखालून, कागदी पाकिटातली सीडी घेऊन आले. वर भाऊंचं अक्षर होतं. योगिनी त्या सीडीकडे बघतच राहिली. ज्या श्रद्धेने किल्ली मोडली होती, त्याच श्रद्धेने ती सतरा वर्षं अंधारात सांभाळली होती. ती काही फार देवभोळी नव्हती. पण तिने सीडी दोन्ही हातांनी घेतली.

गाळ्यात आल्यावर तिने जुना सीडी ड्राइव्ह जोडला. तो घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. दहा मिनिटांनी फोटो उतरला. आडवा. सनासकट, आकारासकट, जसाच्या तसा. भाऊंनी तो निवडला, पासवर्ड टाकला. योगिनी सवयीने रस्त्याकडे तोंड करून बसली.

"उघडली का काका?"

"काहीतरी झालंय. ते वाक्य आलं नाही." भाऊंनी नाक पडद्याला टेकवलं. "आता पाठ फिरवून कसं चालेल? मला एवढं सगळं वाचता येत नाही. तू वाच."

"मी?"

"शहाडच्या पिंपळानंतर पहिल्यांदाच कुणाला सांगतोय. तीन दिवस तू पासवर्डकडे ढुंकून पाहिलं नाहीस. वाच."

एक हजार सहाशे बारा नोंदी होत्या. योगिनी वाचत गेली. शहाड, नदीकाठचा उंबर, जमिनीपासून बावीस हात, गव्हाणी, तीन पिल्लं, तिन्ही उडाली. बंद गिरणीचं धुराडं, शृंगी घुबड, एक अंडं फुटलं. रेल्वे क्वार्टर, पिंगळ्यांची जोडी, झाड तोडलं, जोडी चौथ्या वर्षी दोनशे पावलांवर सापडली. मधेच भाऊ डोळे मिटून म्हणायचे, "हां, तिथे विहीर आहे बाजूला." ज्या गावात ती जन्मली, वाढली, रोज ज्या रस्त्यांनी गेली, त्याच्या माथ्यावर हे दुसरं गाव नांदत होतं, आणि त्याची जनगणना हा एकटा माणूस करत होता.

मग ती अडखळली.

"काका, अनुपमा सोसायटी. ही आमची बिल्डिंग आहे."

"गच्चीवर जिन्याच्या माथ्याला फुटका झरोका आहे ना? तिथे. दोन हजार नऊपासून. मी केबलवाला म्हणून वर गेलेलो."

योगिनी चौथ्या मजल्यावर राहत होती, बरोबर त्याच्या खाली. रात्री वरून कुणीतरी घोरल्यासारखा आवाज यायचा. आई म्हणायची, टाकीचे पाईप आहेत, हवा अडकते. ती पिल्लं होती. पंधरा वर्षं ती घुबडांच्या पिल्लांखाली झोपत होती.

"अजून असतील?"

"दोन वर्षं मला काही दिसलेलं नाही," भाऊ म्हणाले. "तूच बघून सांग."

त्याच संध्याकाळी ती गच्चीवर गेली आणि भाऊंनी सांगितल्याप्रमाणे भिंतीला टेकून, न हलता उभी राहिली. दिवे लागले. पाय अवघडले. आणि त्या फुटक्या झरोक्यात अर्ध्या कापलेल्या सफरचंदासारखा एक पांढरा चेहरा आला. त्याने तिच्याकडे बघितलं, सावकाश, पुरतं बघून घेतलं. मग तो पक्षी तिच्या डोक्यावरून गेला आणि पंखांचा एवढासाही आवाज झाला नाही. त्याच्यामागून दुसरा गेला. योगिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि ते का आलं, हे तिला सांगता आलं नसतं.

तिने तिथूनच कुजबुजत फोन लावला. "काका, दोन आहेत. आत पिल्लांचा आवाजही येतोय. किती ते कळत नाही."

"लिहून ठेव," भाऊ म्हणाले. "तारीख घाल."

ती खाली आली तेव्हा आई शेवंती दारातच उभी होती. "एवढा वेळ वर काय करत होतीस गं? आणि तो आवाज कसला, बघितलास का एकदाचा?"

"बघितला," योगिनी चप्पल काढत म्हणाली. "पाईपच आहेत."