पाव्हण्यांच्या पायाला पाणी

आता हे सांगावं का गिळावं, तेच कळंना. पण चहा तुम्ही सांगितलाच आहे, तर ऐका माझी फजिती!

मी पेशानं गवंडी. अर्धं शहर माझ्या थापीनं उभं राहिलंय. (बरं, अर्धं नाय, पण उस्मानपुऱ्यात चार घरं तरी!) जोडधंदा म्हणजे लोकांची टिंगल.

तर आमचे व्याही रंगनाथराव, पैठणचे, ओट्यावरून घसरले. गुडघ्याखालचं हाड पिचलं. इथंच ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टर समजावत होते, "हाडात पोकळी होती, तिच्यात हाडाचं सिमेंट भरलंय. त्यात हाडात असतात तसलेच क्षार मिसळलेत. हळूहळू तुमचं स्वतःचं हाड तिथं भरून येईल."

डॉक्टर वळले आणि माझ्या जिभेला खाज सुटली! पाव्हण्यांच्या कानाला लागलो, "डॉक्टर शिकलेला, पण बांधकामातलं त्याला काय कळतंय? ताजं सिमेंट ते. ओलं पोतं गुंडाळा, तीन टाइम पाणी मारा. नायतर तडे जातील!"

तोंड इतकं गंभीर ठेवलं की मलाच पटलं असतं.

तिसऱ्या दिवशी खुशाली विचारायला पैठणला गेलो. बघतो तर काय? पाव्हणं खाटेवर, पायाला भिजलेलं पोतं, आणि विहीणबाई तांब्यानं धार धरून उभ्या. पिंडीला धरावी तशी!

"या दादा! एक टाइम चुकवला नाय बघा."

टाके भिजलेले. पाय सडला तर? आणि माझी पोरगी नांदती हो त्या घरात! जीप केली, थेट डॉक्टर गाठला.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. "हा शहाणपणा कुणाचा?"

पाव्हण्यांनी ऐटीत माझ्याकडं बोट केलं, "आमचे व्याही. चाळीस वर्षांचा तजुर्बा आहे!"

"काका, ते सिमेंट ऑपरेशनच्या टेबलावरच घट्ट झालं. नशीब समजा, जखम चिघळली नाही."

हुश्श! मी कान धरले. "चुकलो पाव्हणं, मस्करी केली. पण तुम्ही तरी एवढं खरं कसं मानलं?"

"मानू नाय तर काय? तुम्ही बांधलेली आमची गच्ची लई गळती. तवा तुम्हीच म्हणला ना, आम्ही पाणी कमी मारलं? म्हटलं, या वक्ताला तरी बोल नको."

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. त्यांना नाय सांगितलं, पण तुम्हाला सांगतो.

गच्चीला पाणी त्यांनी भरपूर मारलं होतं हो. गच्चीचा उतारच मी उलटा काढला होता, पाणी जायची नळी सोडून जिन्याकडं!