मोटर एकदाच लागली

कोणी घाईघाईने बोलू लागलं की ते हातातलं पेन टेबलावर आडवं ठेवायचे आणि म्हणायचे, "होऊ दे तुझं पूर्ण." समोरचा थांबला, तरी दोन श्वास जाऊ देत. मग उत्तर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नवख्याला वाटतं, यांना ऐकू कमी येतं.

जळगावच्या आमच्या छोट्या ऑफिसात ते सर्वांत जुने प्रोग्रामर; सगळे त्यांना भाऊ म्हणत. मी सहा महिन्यांच्या चाचणीवर. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, हे आजही मान वर करून सांगते. नोकरी गमावून घरी परतणं मला परवडणारं नव्हतं.

शेतातली मोटर मोबाईलवरून चालवायचं ॲप मी लिहिलं होतं. बटण एकच: दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. ऑफिसात झकास चाललं. भडगावजवळच्या एका नानांकडे बसवलं आणि तिसऱ्या दिवशी तक्रार आली: मोटर वेड्यासारखी लागते, बंद पडते. मालक म्हणाले, "आठवड्यात नीट झालं नाही, तर दुसरं काम बघ."

भाऊ मला मोटारसायकलवर शेतात घेऊन गेले. नानांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, दाबतच राहिले; दाब उशिरा पोचायचे आणि एकेक दाब मोटर चालू-बंद करायचा.

"नाना, एकदाच दाबा ना!" मी ओरडले.

"रेंज कोठे शे पोरी? मोटर लागत नही तवलग दाबत ऱ्हास मी!"

"बरोबर आहे नानांचं," ते मला म्हणाले. "माणूस बदलू नको. कोड बदल."

बांधावर बसून त्यांनी समजावलं. ॲपमधल्या गाव शोधायच्या चौकटीत टाइप करणारी बोटं थांबेपर्यंत थांबायचं, मगच शोधायचं. मोटरच्या बटणाचं उलट: पहिला दाब आत घ्यायचा, मग अर्धं मिनिट पुढच्या दाबांना दार बंद. दोन्ही फंक्शनं मीच लिहिली, आणि लावली मात्र उलटी. नाना दाबत राहिले, मोटर ढिम्म!

"हसू नका हो भाऊ," मी म्हणाले. ते पोट धरून हसत होते.

दुरुस्त केलं. नानांनी नऊ वेळा दाबलं. मोटर एकदाच लागली.

माझी चाचणी संपायच्या आधीच भाऊ धुळ्याला स्वतःचं काम काढायला गेले. कायम झाल्याचं पत्र मिळालं त्या दिवशी मी मोटरच्या बटणाचं ते फंक्शन उघडलं. जाताना त्यांनी वर एक ओळ घातली होती. लिहिणारी म्हणून माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव.

फोटो घरी पाठवला. वडिलांचा, आबांचा, लगेच फोन आला.

"मन्हं नाव मोटरमा शे?"

"हो आबा. एक नही, बठ्ठ्या मोटरींमा."