गोणी लागली म्हणून सांगितलं

"फ्रॅक्चर आहे," डॉक्टर म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, तिथं हाड कुठाय मोडायला?"

"हाड नसतं. आत नळ्या असतात, त्यात रक्त भरलं की ताठरता येते. त्या नळ्यांवरचं चिवट आवरण फाटलंय. याला पीनाइल, म्हणजे लिंगाचं, फ्रॅक्चर म्हणतात. कट्कन आवाज झाला होता का?"

झाला होता. पण मी मान खाली घालून म्हटलं, "गोणी लागली."

हे लिहायची लाज वाटते. तरी लिहितोय, कारण कुणावर ही पाळी आली तर त्यानं माझ्यासारखा गाढवपणा करू नये.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्याकडचा, वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहणारा माथाडी. जुईनगरला एका खोलीत टोळीतले सात जण राहायचो. बायका गावी. कुणाची बायको आली की बाकीच्यांनी काही न बोलता दुसरीकडं पथारी टाकायची, हा आमचा रिवाज. माझी कमल लग्नानंतर दुसऱ्यांदाच आली होती. अजून मूलबाळ नव्हतं. दुपारी कामावरून आलो, खोली रिकामी, आणि घाईघाईत कूस बदलताना व्हायचं ते झालं. आवाज झाला, जीव जाईल अशी कळ आली, आणि बघता बघता सगळं वांग्यासारखं काळंनिळं सुजलं.

कमल रडायला लागली. "माझ्यामुळं झालं का ओ?" शरमेनं माझं डोकंच फिरलं होतं. "गप बस," म्हणून खेकसलो आणि तासाभरात तिला साताऱ्याच्या एसटीत बसवून दिलं. एकटीला. आजही आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

टोळीला सांगितलं, सकाळी गोणी घसरली, कोपरा जांघेत बसला. जवळच्या दवाखान्यातही तेच सांगितलं, वर नीट तपासूही दिलं नाही. मुका मार म्हणून गोळ्या घेऊन आलो. एक अख्खा दिवस असा वाया घालवला. दुसऱ्या दिवशी बसवेना, तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात गेलो.

"गोणीनं असं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "खरं सांगा. ऑपरेशन आजच करावं लागेल. उशीर झाला तर बाक राहतो, पुढं संबंध जमत नाहीत."

संसार अजून सुरूही झाला नव्हता! सगळं खरं सांगून टाकलं. डॉक्टर हसले नाहीत. लघवीतून रक्त जातं का, एवढं विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग मूत्रमार्ग शाबूत असावा. तरी बघून घेऊ."

एक्स-रे नि सोनोग्राफीबाहेरच्या बाकावर शेजारी एकाचा मोडका हात गळ्यात, त्याच्याभोवती आई, बायको, मेव्हणा. माझ्याजवळ कुणी नाही. बोलावणार तरी काय सांगून? शेवटी ऑपरेशनच्या फॉर्मवर सही लागणार म्हणून मार्केटात निरोप धाडला, तेव्हा संपत आला. हा माझा जोडीदार, गोणी उचलून माझ्या पाठीवर देणारा. त्यानं काही न विचारता सही केली.

कंबरेत सुई दिली, खालचं अंग बधिर झालं. डॉक्टरांनी फाटलेलं आवरण टाके घालून शिवलं. लघवीसाठी कॅथेटर, म्हणजे नळी, लावली. संध्याकाळी टोळी शहाळी घेऊन आली, खाटेभोवती गलका केला. एवढ्या माणसांत मी इतका एकटा कधीच पडलो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी संपत एकटाच आला. डोळे सुजलेले.

"भीमा, माझ्याच हातनं सुटली आसंल रं गोणी. दोन दिस घास उतरत न्हाई. वहिनीला काय तोंड दावू?" आणि हा एवढा धिप्पाड गडी पोरासारखा रडायला लागला.

माझ्या थापेनं दुसऱ्याच्या गळ्यात दगड बांधला होता. म्हटलं, "संपा, गोणी सुटली न्हाई. लागलीच न्हाई." आणि सगळं सांगितलं. आता हा हसेल, उद्या मार्केट हसेल, म्हणून डोळे मिटून घेतले.

संपतनं टॉवेलनं तोंड पुसलं. "वहिनीला ठावं हाय, तू हितं हायस ते?"

"न्हाई."

"मग लेका, तिला काय वाटत आसंल?"

एवढंच बोलला आणि तडक गावाकडची एसटी पकडून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी कमलला घेऊन आला. ती खाटेच्या पायथ्याशीच उभी राहिली, जवळ येईना. "मला वाटलं, आता नांदवत न्हाई तुमी मला."

"तुझ्यामुळं न्हाई गं झालं," मी म्हटलं. "घाई माझीच." तेव्हा कुठं ती स्टुलावर बसली.

मला जे विचारायचं धाडस झालं नाही, ते तिनंच डॉक्टरांना विचारलं. "मूल हुईल ना?"

"होईल. पण सहा आठवडे पथ्य. जवळ यायचं नाही."

पथ्य पाळलं. बाक राहिला नाही, पुढं मुलगीही झाली. त्या डॉक्टरांचे उपकार फिटायचे नाहीत. मंडळी, असा आवाज झाला, सूज आली, तर लाज गुंडाळून ठेवा, त्याच दिवशी जा आणि खरं सांगा.

हॉस्पिटलातून सुट्टी मिळून खोलीवर आलो तर सहा पथाऱ्या गायब. संपतनं खरं कारण कुणालाच न सांगता सगळ्यांना हलवलं होतं. सहा आठवडे खोली आमची दोघांची, आणि वर डॉक्टरांचं पथ्य! मग काय करणार? बोलत बसायचो. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि कमलला लसणाची चटणी आवडते हे मला तेव्हा कळलं.