दहावी नस भाऊजींची

दोन मुलांची आई झाल्यावर वहिनींनी फिजिओथेरपीच्या कॉलेजात नाव घातलं. सगळं जमलं, पण मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा काही केल्या लक्षात राहीनात. शेवटी त्यांनी त्या सासरच्या माणसांना वाटूनच टाकल्या. पहिली वासाची, ती सासूबाईंना. उतू गेलेलं दूध त्यांना फाटकातूनच कळे. बारावी जिभेची, ती अर्थातच नणंदेला. दहावी व्हेगस मानेतून छातीत आणि छातीतून पोटापर्यंत भटकते, ती धाकट्या दिराला, म्हणजे भाऊजींना. त्यांचा पाय घरात म्हणून ठरत नसे.

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, “पोटापर्यंत जाणारी नस कोणती?”

“भाऊजी!” वहिनी बोलून गेल्या.

सर चष्म्यावरून बघतच राहिले. वहिनींना हसू आवरेना. हसतहसतच त्यांनी सगळी वाटणी सांगितली आणि बाराही नावं धडाधड म्हणून दाखवली.

“आमच्याकडे ती नस मेव्हण्याची झाली असती,” सर डोळे पुसत म्हणाले. “जा, पास!”

बाहेर येऊन वहिनी जिन्यातच बसल्या. त्यांनी नवऱ्याला फोन लावला. “अहो, पास झाले!”

“कशी काय गं?”

“थांबा हो, आधी मला हसू द्या!”