वाकडं अंगण

आमची जुनी गाडी मीच चालवायची. मळ्यातल्या मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या डिक्कीत भरायच्या आणि अनसिंगहून वाशिमच्या बाजारात न्यायच्या. तेवढा वेळ कुणी मला हाक मारत नसे. दिवसातला माझा स्वतःचा वेळ तो तेवढाच.

मग एकदा माझे धाकटे दीर गाडी घेऊन मानोऱ्याला लग्नाला गेले. गाडी परत आली तेव्हा मागच्या एका चाकाची टोपी नव्हती. चोरीला गेली, म्हणाले. त्यानंतर गाडी बिथरलीच. वळणावर मागचा भाग बाहेर पळायचा, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग तिरपं धरावं लागायचं. घरात सांगितलं, तर भाऊजी सगळ्यांदेखत हसले.

"गाडीले काय झालं, वैनी? नाचता येईना, आंगन वाकडं!"

सासूबाईही हसल्या, आणि चावी भाऊजींकडे गेली. मी टोपली घेऊन, स्वतःला ऑटोत कोंबून जाऊ लागले. अस्सा राग यायचा! भाकरी थापताना पिठात भाऊजींचं तोंड दिसायचं, आणि मी जरा जोरातच थापायची.

दसऱ्याच्या तोंडावर भाऊजी तापाने पडले. देव पावला. चावी उचलली आणि गाडी थेट वाशिमच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने ती वर उचलून मला खाली बोलावलं.

"हे मागचं चाक बाहेर पाहून राह्यलं, ताई. त्याले धरणारा आर्म वाकला. बाजूनं ठोकली कोणी."

चाक तेच, बिनटोपीचं. त्याने नवा आर्म टाकला, बोल्ट ढिले करून मागची दोन्ही चाकं मशीनवर रेषेत आणली, मग पुढची. येताना अनसिंगच्या वळणावर मी मुद्दाम वेग ठेवला. गाडी मुकाट्याने वळली. मी एकटीच मोठ्याने हसले.

जुना आर्म मात्र भंगारात टाकू दिला नाही.

दसऱ्याला अंगणात गाडी, फवारणीचा पंप, विळे, कुदळी मांडल्या. भाऊजी तोवर बरे होऊन, चावी परत खिशात घालून पूजेला बसले होते. मी तो आर्म घासूनपुसून त्यांच्यासमोर पाटावर ठेवला.

"हे काय होय वं?" सासूबाईंनी विचारलं.

"आंगन हाय, आई."

कुणाला काही कळलं नाही. भाऊजींचा कुंकवाचा हात तेवढा थांबला.

"मानोऱ्याच्या वाटेवर नाल्याच्या रपट्यावरचा गोटा मले दिसलाच नाही, वैनी," ते पुटपुटले.

गोट्याचं मी नावही काढलं नव्हतं. सासूबाईंनी एकदा आर्मकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. मग त्याच्या खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली.

"आता लावा कुंकू," मी म्हटलं. "अन् नमस्कारबी करा."

सगळ्यांदेखत त्यांनी केला. वाकून.